तिघांमागचा हिरवा ठिपका

जगात रस्ता चुकण्याची जेवढी साधनं माणसाने आजवर शोधून काढली, तेवढी सगळी माझ्या साडूंच्या मोटरसायकलवर बसवलेली आहेत. हँडलवर तीन फोन, प्रत्येक निराळ्या पकडीत. मधोमध दुबईच्या भाच्याने आणलेलं एक जाडजूड जीपीएस यंत्र, जे पाण्यात पडलं तरी चालतं पण उन्हात दिसत नाही. आणि टाकीवरच्या पिशवीत प्लास्टिकखाली घडी घातलेला कागदी नकाशा, आकाशातले सगळे उपग्रह एकाएकी खाली आले तर हाताशी असावा म्हणून. ही गाडी समोरून येताना दिसली की चौलच्या म्हशीसुद्धा कडेला अदबीने उभ्या राहतात. एकदा अलिबागेत पोलिसाने हात करून थांबवलं, गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि लायसन न मागताच सोडून दिलं. जाता जाता एवढंच विचारलं, "साहेब, या सगळ्यातून रस्ता कुठनं दिसतो?" साडू गंभीरपणे म्हणाले, "रस्ता बघायची वेळ येऊ नये, म्हणूनच तर हे सगळं आहे."

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला रेवदंड्यात, पेशाने सरकारी मोजणीदार. दोन सख्खे भाऊ एका बांधावरून कोयते घेऊन उभे असताना मधे जाऊन "थांबा, हद्द अजून सिद्ध व्हायची आहे" असं म्हणण्यात या माणसाची उमर गेली. त्यामुळे जे सगळ्यांना माहीत आहे त्यावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. रेवदंडा ते अलिबाग हा रस्ता ते रोज नोकरीसाठी कापतात, तरी निघताना तिन्ही फोनांत 'अलिबाग' घालतात. मी एकदा हसलो, तर म्हणाले, "रस्ता माहीत असणं निराळं, साडू, आणि रस्ता सिद्ध होणं निराळं." तिन्ही फोनांत तीन बाया बोलतात. एक मराठी, एक हिंदी, एक इंग्रज. पोयनाडच्या नाक्यावर एकदा मराठी बाई डावीकडे वळा म्हणाली, हिंदी बाई सरळ चला म्हणाली आणि इंग्रज बाईने चक्क मागे फिरायला सांगितलं. साडूंनी भर नाक्यात गाडी उभी केली, इंजिन बंद केलं, हात जोडले आणि म्हणाले, "बायांनो, आधी आपसात ठरवा. मी थांबतो." मागे पार पेणपर्यंत गाड्या तुंबल्या. माझ्या अलिबागच्या मित्रांच्या मते पेणपर्यंत नाही, पानवाल्याच्या टपरीपर्यंत. मला वाढवून सांगायची सवय आहे, हे मी नाकारत नाही. म्हणूनच पुढचा काही भाग मी मुद्दाम कमी करून सांगणार आहे.

त्या यंत्रांचा मला पहिल्यापासून जरा वचक होता. साडूंच्या घरामागे नारळीत पत्र्याची शेड आहे, तिथे गाडी असते. एकदा भर दुपारी, साडू आत झोपलेले, तिन्ही फोन त्यांच्या उशाशी, आणि शेडमधून बाईचा शांत आवाज आला, "थोडे पुढे जा." माझी मेव्हणी तेव्हा कपडे वाळत घालत होती. तिने पुन्हा ऐकलं, "थोडे पुढे जा." साडूंनी नंतर समजावलं की दुबईच्या यंत्राची बॅटरी वेगळी असते, बटण दाबलं गेलं असेल. मेव्हणी म्हणाली, "असेल. पण अहो, शेडच्या पुढे आपली विहीर आहे." तेव्हापासून शेजारीण कढीपत्ता मागायला यायची ती समोरच्या दाराने येऊ लागली.

तर साडूंचा खरा छंद मोटरसायकलवरून भटकण्याचा, आणि त्याहून मोठा छंद भटकायला नेमकं कुठलं ॲप घ्यावं हे ठरवण्याचा. मुलीसाठी स्थळ बघावं तशी त्यांची पारख चाले. एकात पेट्रोलपंप बरोबर दिसतात पण भरतीला पाण्याखाली जाणारी वाट बारमाही धरलेली असते. दुसऱ्यात रेंज नसताना नकाशा चालतो पण आवाज चालत नाही. तिसरं ॲप म्हणे खास मोटरसायकलवाल्यांसाठी, सरळ रस्ता सोडून मुद्दाम वळणावळणाचा रस्ता शोधून देतं. त्या वळणवाल्या ॲपने एका सकाळी आम्हाला रेवदंड्याच्या कोळीवाड्यात, बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांच्या रांगांतून नेलं. साडूंच्या हँडलवरच्या पकडींत बोंबलाची एक अख्खी माळ अडकली आणि ते तोरण लावल्यासारखे पलीकडे निघाले. एक कोळीण कमरेवर हात ठेवून उभी होती. म्हणाली, "काय रं मोजणीदारा, जमीन संपली म्हणून आमचं बोंबील मोजाया आलास?" साडू फोनकडे बघत पुटपुटले, "वळणं मात्र उत्तम होती." आणि तेवढ्यात मागून, नेहमीसारखा सगळ्यांच्या शेवटी, आमच्यातला चौथा, अब्बास आला. गाडी उतारावर लावली, पेटीतून आपला काळा दगड काढून मागच्या चाकाखाली सारला, आणि काही न बोलता पडलेले बोंबील उचलून एकेक पुन्हा काठीवर घालायला लागला. काम झाल्यावर कोळिणीला म्हणाला, "बाय, रागवू नको. शिकलेला माणूस हाय, त्याला समोरचं दिसत न्हाय."

अब्बासचं रेवदंड्याच्या पुलाअलीकडे गॅरेज होतं. आम्ही चौघे भटकणारे. पुढे साडू, मग उरणचा नंदू पाटील, ज्याचे ट्रेलर बंदरात कंटेनर ओढतात, मग मी, आणि शेपटीला अब्बास. शेपटीला तोच, कारण कुणाची गाडी बिघडली तर मागून येणाऱ्याने थांबायचं असतं. त्याच्या गाडीचा साइडस्टँड मोडका होता. दुनियेच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या या माणसाने स्वतःचा स्टँड कधी जोडून घेतला नाही, भिंतीला नाहीतर झाडाला गाडी टेकवायची आणि चाकाला तो तेलाने काळाठिक्कर झालेला दगड लावायचा. नकाशा त्याने जन्मात पाहिला नाही. वाटेत जो भेटेल त्याला विचारायचा, आणि ज्याला विचारायचा त्याच्याकडे चहाला थांबायचा. त्यामुळे आमच्यात एक रीत पडली होती. फाटा आला की पुढच्याने वळायच्या बाजूचा इंडिकेटर लावून थांबायचं, मागचा नजरेस पडला की मगच निघायचं. म्हणजे वाट तोंडी सांगावी लागत नसे, दिव्याने पोचत असे. तरीही आगरदांड्याच्या जेटीच्या अलीकडे एक फाटा आहे, तिथे अब्बास दर वेळी चुकायचा. डावीकडे जेटी, जिथून गाड्या बोटीवर चढवून खाडीपलीकडे दिघीला जाता येतं. उजवीकडे एक जुना, वापरात नसलेला दगडी धक्का, तिवरांच्या झाडीत लपलेला, त्यापुढे फक्त पाणी. मी डावा इंडिकेटर लावून उभा, तो मला हात करणार आणि खुशाल उजवीकडे जाणार. बोट सुटायची, आम्ही त्यानंतरची धरायचो. मग तो डुलत डुलत यायचा आणि म्हणायचा, "रस्ता बरोबर होता रे. गाव चुकीचं होतं."

चौघांना एकत्र ठेवणारं ॲप मात्र साडूंनी फार पूर्वी निवडलं होतं. परदेशातल्या कुठल्याशा छोट्या कंपनीचं, दिसायला गबाळं. त्यात वाट आखायची, आणि बरोबरचे स्वार पडद्यावर रंगीत ठिपके होऊन दिसायचे. साडू निळे, नंदू लाल, मी पिवळा, अब्बास हिरवा. चहाच्या टपरीवर थांबलो की साडू फोन बघून सांगायचे, "हिरवा अजून कोर्लईलाच आहे. बहुतेक कुणाच्या तरी ओटीवर." आणि तो असायचाही.

मग अब्बास गेला. घाटात भरधाव ट्रकच्या चाकांमधून सटकलेला माणूस, आपल्या घरी, पलंगावर, भर सकाळी चहा पिता पिता गेला. आमच्यापैकी कुणालाही हे पटलं नाही. दफनाला आम्ही तिघे गेलो. माती टाकायची वेळ आली. साडू ओंजळ घेऊन वाकले, आणि त्यांच्या खिशातून मराठी बाई स्पष्ट आवाजात म्हणाली, "मार्ग पुन्हा शोधत आहे."

नंदूने माझा दंड इतका घट्ट धरला की बोटांचे वळ आठवडाभर राहिले. साडू ओंजळ तशीच धरून उभे, फोन बंद करायला हात मोकळा नाही. अब्बासच्या थोरल्या भावाने मान वर न करता एवढंच म्हटलं, "शोधू दे."

अब्बासचा चाळिसावा दिवस झाल्यावर आम्ही त्याच्या नावाने दिघीपर्यंत जायचं ठरवलं. सकाळी साडूंच्या अंगणात गाड्या काढत होतो तेव्हा मेव्हणी दारात आली. "तिघंच निघालात? तिघांनी जाऊ नये, भावोजी. एखादा दगड तरी चौथा घ्या." आपल्याकडे ही पद्धत आहेच. तिघे कामाला निघाले की खिशात खडा टाकायचा, तो चौथा धरायचा, आणि काम फत्ते झालं की त्याला तिथेच सोडून यायचं. मी अंगणातला एक खडा उचलला. साडू म्हणाले, "तो नको." पुलाअलीकडे अब्बासच्या बंद गॅरेजसमोर त्यांनी गाडी थांबवली. शटरच्या पायाशी, भिंतीला लागून, तो काळा दगड होता. साडूंनी तो धुतला नाही, पुसला नाही, तसाच उचलून आपल्या गाडीच्या पेटीत ठेवला.

काशीदचा चढ संपल्यावर आम्ही चहाला थांबलो. सवयीने साडूंनी फोन पाहिला आणि कप तोंडाकडे नेता नेता थांबले. मी वाकून पाहिलं. निळा, लाल, पिवळा, तिघे टपरीपाशी एकमेकांना चिकटून. आणि मागच्या वळणावर, झाडीत, हिरवा. थांबलेला.

इथे मी कमी करूनच सांगतो. आम्ही निघालो, तो निघाला. आम्ही थांबलो, तो थांबला. अंतर कायम एका वळणाचं. मागे वळून पाहिलं तर रिकामा रस्ता, सुरूची झाडं आणि त्यांच्यातून येणारा तो समुद्राचा घुमणारा आवाज. आरशात तेच. नंदू अंगाने रेड्यासारखा, बंदरात भल्याभल्यांना शिव्या घालणारा, पण त्याच्या ओठांचा रंग उडाला होता. म्हणाला, "मोजणीदार, तो तुझा फोन बंद कर. मना घरी पोरंबाळं हाईत." साडू म्हणाले, "दगडाचं काही असेल." नंदू म्हणाला, "दगडाला काय सिमकार्ड असतंय?" साडूंनी फोन चालूच ठेवला आणि गाडी पुढे काढली. पुढचा फाटा आला. त्यांनी इंडिकेटर लावला आणि थांबले. मी आणि नंदू त्यांच्या शेजारीच उभे होतो, म्हणजे ज्याच्यासाठी थांबावं असं मागे कुणी उरलं नव्हतं. तरी ते थांबले. हिरवा ठिपका हलून वळणाशी आला, तेव्हाच त्यांनी गियर टाकला.

मुरुडहून परत आल्यावर पहिलं काम साडूंनी मोजणीदाराचं केलं. वहिनींकडे, म्हणजे अब्बासच्या बायकोकडे गेले, चहा घेतला आणि त्याच्या फोनची चौकशी केली. तो कपाटात होता. बॅटरी फुगल्यामुळे तिने ती काढून टाकली होती, आणि नंबर तर केव्हाच बंद झालेला. "काही हवं होतं का त्यातलं?" वहिनींनी विचारलं. "नाही, सहज," साडू म्हणाले, आणि तिथून अलिबागला माझ्याकडे येताना त्या सवयीच्या रस्त्यावर, सगळी यंत्रं चालू असताना, ते पहिल्यांदा वाट चुकले. रेवसला जाऊन पोचले. गुरुत्वाकर्षणावरचा माझा विश्वास त्या दिवशी थोडा ढिला झाला.

त्यानंतर आम्ही जेव्हा जेव्हा निघालो तेव्हा तो होता. पावसाळा गेला, दिवाळी आली. माणसाला कशाचीही सवय होते. नंदू दर वेळी शपथ घ्यायचा की हे शेवटचं, आणि दर वेळी यायचा, नंबरप्लेटला लिंबूमिरच्यांचा एवढा झुबका बांधून की नंबर दिसायचा नाही. मी स्वतः एकदा चहाच्या टपरीवर चुकून चार कप सांगितले. चौथा कुणी परत केला नाही. तो बाकावर ठेवला, आणि निघताना मला उगाच वाटलं की त्यातला चहा थोडा कमी झालाय. वाटलं म्हणजे वाटलं. त्याचा पुरावा माझ्याकडे नाही.

आणि मग ऐन थंडीच्या तोंडावर त्या परदेशी कंपनीचा निरोप आला की महिनाअखेरीस आमचं ॲप बंद होत आहे, गिऱ्हाइकांनी दुसरी सोय बघावी.

साडूंनी सोय बघायला सुरुवात केली. आता मात्र त्यांच्या पारखेला वेड्याची गती आली. सकाळी एक ॲप उतरवायचे, संध्याकाळी काढून टाकायचे. मेव्हणीने फोनवर माझ्या बायकोकडे रडून घेतलं, "जेवताना पण तेच, देवपूजेत पण तेच. कुठलं एक घेऊन टाका म्हटलं तर म्हणतात, अजून सिद्ध नाही झालं." नाक्यावर चेष्टा सुरू झाली. कुणी म्हणे मोजणीदार चंद्रावर जायची वाट शोधतायत. मी त्यांना सांगायला गेलो की साडूभाऊ, पुरे आता, कुठलंही घ्या, सगळीकडे मुरुड मुरुडलाच असतं. ते पडवीत झोपाळ्यावर बसले होते, फोन हातात. मी शेजारी बसलो आणि पडदा पाहिला. नवं ॲप होतं. त्यात साडूंनी गट केला होता, चौघांचा. निळा, लाल, पिवळा आत आलेले. चौथ्या नावासमोर लिहिलं होतं, 'आमंत्रण पाठवले आहे. उत्तराची वाट पाहत आहे.' त्यांनी आधीचं उघडून दाखवलं. तिथेही तेच. त्याआधीचंही तेच.

"रस्ते काय, सगळीच दाखवतात," साडू म्हणाले.

त्यांनी पाय टेकून झोपाळा थांबवला. मग ते म्हणाले, "ज्या दिवशी ते बंद होईल त्या दिवशी हा कुठल्या वळणावर असेल, साडू? आपण पुढे जाऊ. आपल्याला दुसरं काहीतरी मिळेलच. तो मात्र वाट बघत राहील, पुढचा दिवा कधी लागतो म्हणून. आपल्यातल्या कुणाला त्याने कधी मागे टाकलं नाही." घरामागून, शेडमधून, बारीक आवाज आला, "थोडे पुढे जा." या वेळी साडूंनी बॅटरीचं कारण दिलं नाही. म्हणाले, "ऐकलंत? महिना संपायच्या आत त्याला पलीकडे न्यायचं. दिघीला. तिथवर जायचं आपलं राहिलंच होतं." ते खरं होतं. चाळिसाव्यानंतरच्या त्या फेरीत नंदूने मुरुडच्या पुढे यायला साफ नकार दिला होता, आणि त्यानंतरही आम्ही मुरुडहूनच मागे फिरत होतो.

महिन्याच्या शेवटच्या दुपारी आम्ही निघालो. नंदू आला, कपाळाला अंगारा, गळ्यात कसकसले दोरे. म्हणाला, "मोजणीदार, त्यो आपला दोस्त हाय म्हणून येतंय. दुसरा कोण असता तं न्हाय आलो असतो." मेव्हणीने दारातून विचारलं, "चौथा घेतला ना?" साडूंनी पेटीवर हात ठेवून दाखवला. कोर्लई गेलं, काशीद गेलं, मुरुड मागे पडलं, आणि हिरवा ठिपका वळणाचं अंतर राखून येत राहिला. तिन्हीसांजेला आम्ही त्या फाट्यावर पोचलो. खाडीवरून धुकं सरकत आलं होतं. पातळ, खारट, तिवरांच्या मुळांतून वर चढणारं. पक्षी असतात त्या वेळी, पण त्या दिवशी एकाचाही आवाज नव्हता. डावीकडे जेटीचा दिवा धुक्यात पिवळसर दिसत होता. साडूंनी डावा इंडिकेटर लावला. त्यांच्या मागे नंदूने लावला. मी लावला. तीन दिवे मिचकत राहिले आणि आम्ही थांबलो.

ठिपका वळणावर आला. नेहमी तिथे थांबायचा, या वेळी थांबला नाही. पुढे येत राहिला. साडू फोन बघत होते, मी त्यांच्या खांद्यावरून बघत होतो, आणि मागे बघण्याची आमच्यात कुणाचीच छाती नव्हती. आरशात धुकं होतं आणि काळा रस्ता. हिरवा माझ्या पिवळ्याजवळ आला. मग पिवळ्याला लागला. मग पडद्यावर चार ठिपके एका जागी होते, जसे गॅरेजसमोर सकाळी निघायच्या आधी असायचे. नंदूची गाडी आपसूक बंद पडली. त्या शांततेत मला तापलेल्या तेलाचा आणि बिडीचा वास आला. आमच्यात बिडी कुणी ओढत नाही. हे मी वाढवून सांगत नाही.

मग तो हलला. आमच्यातून निघाला, फाट्याच्या तोंडाशी गेला, तीन डावे दिवे डोळ्यांसमोर मिचकत असताना, आणि उजवीकडे वळला.

साडू हसले. मोठ्याने, मान मागे टाकून, मी त्यांना इतकं हसताना लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. "चुकला," म्हणाले. "आजसुद्धा चुकला." त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. हँडलवर मराठी बाई डावीकडे वळा म्हणाली, हिंदी बाई तेच म्हणाली, इंग्रज बाईनेही तेच सांगितलं. इतक्या वर्षांत तिघींचं पहिल्यांदा एकमत झालं होतं. रस्ता सिद्ध झाला होता. आणि साडूंनी डावा इंडिकेटर बंद केला, उजवा लावला, आणि त्याच्यामागे निघाले.

वाट दगडगोट्यांची, दोन्ही बाजूंनी तिवरं. धक्का आला. जुने दगड पाण्याकडे उतरत गेलेले, टोकाला शेवाळ, पुढे खाडी आणि धुकं, कुठे एक कुठे दुसरं ते कळत नव्हतं. हिरवा ठिपका बरोबर उताराच्या टोकाशी थांबला होता. तिथे कुणी नव्हतं. साडूंनी पेटी उघडली, काळा दगड काढला, आणि बुटांवर पाणी येईल इतक्या कडेपर्यंत गेले. खाली बसले. जागा नीट मापून घेतली, सवयच ती. मोटरसायकलचं मागचं चाक जिथे येईल तिथे, पाण्याच्या बाजूने, त्यांनी दगड सारला आणि तळव्याने ठोकून पक्का केला.

"आता घसरणार न्हाय," नंदू मागून म्हणाला. आवाज अगदी लहान मुलासारखा आला.

"बरोबर आलास रे," साडू पाण्याकडे बघून म्हणाले. "गाव पण बरोबर आहे."

शेवटच्या बोटीने आम्ही पलीकडे गेलो. पडद्यावर तीन ठिपके पाण्यावरून सरकत होते आणि हिरवा मागच्या काठावर होता. खाडीच्या मध्यावर रेंज गेली. सकाळी दिघीला फोन उघडला तर त्या ॲपच्या जागी नुसता पांढरा पडदा होता.

दोन-तीन महिन्यांनी मी एकटा त्या बाजूला गेलो होतो, तेव्हा मुद्दाम उजवीकडे वळून धक्क्यावर जाऊन आलो. दगड नव्हता. उधाणाच्या भरतीने नेला असेल, असंच मी सगळ्यांना सांगतो. नंदू मात्र म्हणतो, स्वार निघाला की चाकाखालचा दगड उचलून घेऊन जातो, तो ठेवून कोण जातंय.

साडूंनी मग एक साधं ॲप घेतलं, फुकटातलं, पहिलं जे दिसलं ते. हँडलवर आता एकच फोन आहे. दुबईचं यंत्र भाच्याला परत दिलं, शेड गप्प झाली, शेजारीण पुन्हा मागच्या दाराने यायला लागली. फाट्यावर मोजणीदार चक्क माणसांना वाट विचारतात आणि ज्याला विचारतील त्याच्या ओटीवर चहाला थांबतात. फक्त जागा बदलली आहे. पुढे नंदू असतो, मग मी, आणि शेपटीला साडू. ती जागा त्यांनी मागून घेतली. वळण घेतल्यावर ते इंडिकेटर बंद करत नाहीत. वाटेत स्कूटरवाले, रिक्षावाले, शाळेतून घरी निघालेल्या मुली ओरडून सांगतात, "काका, दिवा चालू राहिलाय." साडू हात वर करून त्यांचे आभार मानतात. दिवा तसाच चालू असतो, आणि त्यांच्या मागे रस्त्यावर कुणी नसतं.